पुढच्या दुकानात पाहू

गौरांग माल्टाला गेला तेव्हा त्या देशाचं नावही त्याच्या आईला, कुंदाला, धड घेता येत नव्हतं. समुद्रातलं एक चिमुकलं बेट आणि तिथल्या हॉटेलात पोराला नोकरी, एवढंच तिला ठाऊक. दिवसभर त्याच्या कानावर कोणती भाषा पडत असेल, म्हणून तिनं मोबाइलवर माल्टाच्या बातम्या लावायला सुरुवात केली. हातानं कणीक मळायची आणि कानानं माल्टीज ऐकायची. कळत शष्प नव्हतं, पण कान तयार झाले. अरबीसारखा घशातून येणारा 'ह', आणि मध्येच जीभ नाचवत जाणारे पिझ्झाच्या देशातले शब्द. जबलपूरच्या विजय नगरात हा उद्योग करणारी ती बहुधा एकटीच बाई असेल.

त्या उद्योगानंच तिची झोप उडवली. गौरांगच्या व्हॉइस मेसेजमध्ये मागे माणसं बोलत असायची, आणि त्यांची बोली काही केल्या बातम्यांशी जुळेना. घशातला 'ह' औषधालासुद्धा नाही. आवाज एकेका शब्दावर वर चढायचा, थबकायचा, खाली यायचा, आणि वाक्य संपताना बरेचदा 'दे' असं काहीतरी ऐकू यायचं. त्यात एक दिवस पेपरात बातमी आली. नोकरीच्या नावावर पोरांना बँकॉकला न्यायचं, तिथून बर्मात पळवायचं आणि कुंपणाच्या आत डांबून फोनवरून लोकांना फसवण्याच्या कामाला जुंपायचं. गौरांगचं विमानही बँकॉकलाच बदललं होतं. कुंदानं बर्मी बातम्या लावल्या. आवाज वर चढला, थबकला, खाली आला. वाक्याच्या शेवटी तेच 'दे'.

तिनं नवऱ्याला सांगितलं. नीलकंठराव संरक्षण कारखान्यातून रिटायर झालेले. पोरगा युरोपात गेला म्हणून त्यांनी कॉलनीभर पेढे वाटले होते.

"काहून डोकं खराब करून राहिली तू?" ते म्हणाले. "हॉटेलच्या किचनमध्ये साऱ्या दुनियेचे लोक असतात. असेल कोणी बर्मावाला."

"अन् माल्टावाला एकही नाही?"

"ते मालक असतील. मालक कशाला किचनमध्ये येऊन गप्पा मारतील?"

"माल्टा पश्चिमेला आहे म्हणता, मग विमान पूर्वेला कशाला गेलं?"

"स्वस्त तिकीट असंच फिरून जातं. चलो, चहा टाक."

खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं अगदीच खोटं म्हणता येत नव्हतं, आणि कुंदालाही ते खरं ठरावं असंच वाटत होतं. ती रोज दोन्ही भाषा आलटून पालटून ऐकायची, आणि मग पोराचे मेसेज. कधी वाटायचं, आपणच वेड्या झालो. भांडी घासताना नळाच्या आवाजातही तिला कोणीतरी बोलतंय असा भास व्हायचा. व्हिडिओ कॉल तो करत नव्हता, नेट कमजोर आहे म्हणायचा. आणि आता ज्या एजंटानं गौरांगला पाठवलं, त्याच्याचकडून नीलकंठरावांचा पुतण्या अजिंक्यही निघाला होता. रिछाईच्या कारखान्यातली नोकरी त्यानं सोडलीसुद्धा.

रविवारी सकाळी गौरांगचा फोन येणार म्हणून अजिंक्य येऊन बसला. पासपोर्ट टेबलावर ठेवून तो पोहे खात होता. फोन आला आणि नीलकंठरावांनी स्पीकर लावला.

"हाँ मम्मी, सब बढ़िया है," गौरांग म्हणाला. त्याच्या बोलण्यात काही नवल नव्हतं. घरात आईनं मराठीत विचारायचं आणि यानं हिंदीत उत्तर द्यायचं, हे शाळेपासून चालत आलेलं. मराठी त्याला सगळी समजायची, पण तोंडातून काढायची लाज. "होटल मस्त है। अजिंक्य को बोलो जल्दी आ जाए, यहाँ और लड़के चाहिए।"

मागून कोणीतरी हिंदीत काही पुटपुटलं. गौरांग हसला, आणि त्याच हसऱ्या आवाजात, अडखळत, म्हणाला, "आई, इथलं काही बरोबर नाही. पुढच्या दुकानात पाहू."

नीलकंठरावांचा चेहरा फुलला. "पाहा! घर सुटलं तेव्हा मराठी आठवली. शाब्बास, गौरांग."

कुंदाला मात्र ते वाक्य ओळखीचं होतं. गोहलपुरच्या बाजारात कपडे, भांडी घ्यायला गेलं की या घराची एक रीत होती. दुकानदाराशी हिंदीत गोड बोलायचं आणि आपसात मराठीत ठरवायचं. माल खराब असला की ती हसत हसत म्हणायची, 'इथलं काही बरोबर नाही, पुढच्या दुकानात पाहू,' आणि सगळे उठायचे. लहानगा गौरांग शरमेनं लाल व्हायचा. तो आता तेच वाक्य बोलला, म्हणजे ज्यानं ऐकू नये असा माणूस त्याच्या शेजारी बसला होता.

तू कुठं आहेस, हे विचारायचं तर कसं? गावाचं, देशाचं नाव साऱ्या भाषांत तेच. मराठीत लपवलं तरी लपत नाही. मग दुकानात हसायची तशीच ती हसली.

"बरं बाबा," ती भरभर म्हणाली. "तू जरा गप रहा. मागचे काय म्हणून राहिले, ते माझ्या कानावर पडू दे."

तो गप्प झाला. त्याला कळलं होतं. कुंदानं फोन कानाशी धरला. मागे दोन माणसं बोलत होती. आवाज वर चढला, थबकला, खाली आला. दे. पुन्हा दे. ती त्या घशातल्या 'ह'ची वाट पाहत राहिली. देवा, एकदा तरी येऊ दे, एकच माणूस माल्टाचा निघू दे. तो 'ह' आला नाही.

"कळलं रे," ती म्हणाली. "येतोच आम्ही." मग पलीकडच्यांनाही ऐकू जाईल असं, मोठ्यानं, "ठीक है बेटा, अजिंक्य को भेजते हैं।"

फोन बंद झाला. अजिंक्य खूश होऊन पासपोर्ट उचलायला गेला, तर काकूनं त्यावर हात ठेवला होता.

"कुठं जायचं नाही तुला," कुंदा म्हणाली. तिनं मोबाइलवर बर्मी बातम्या लावल्या आणि नवऱ्यासमोर धरल्या. "ऐका. आत्ता फोनवर मागे हेच बोलून राहिले होते."

"अगं, किचनमध्ये कोणी..." नीलकंठराव म्हणाले.

"तो मराठी काहून बोलला? आठवा. गोहलपुरला आपण कधी बोलायचो असं?"

नीलकंठरावांना आठवलं. ते खुर्चीत बसले. बातम्यांतली बाई बोलतच होती. शेवटी अजिंक्यनं तो मोबाइल बंद केला.

"पोलीस ठाण्यात जाऊ," नीलकंठराव म्हणाले. "तूच सांग तिथं. मला नाही बोलता येणार. मीच त्याला स्टेशनवर सोडून आलो."

कुंदानं पदरानं डोळे पुसले आणि पायात चपला सरकवल्या. पोरानं आपल्याशी मराठीत बोलावं म्हणून ती जन्मभर त्याच्या मागे लागली होती. पायऱ्या उतरताना तिच्या मनात एवढंच होतं, की त्यानं घरी यावं, समोर बसून पोहे मागावेत, आणि खुशाल हिंदीत मागावेत.