पिशवी

रविवारी छाया मखमलाबादला माहेरी आली, तेव्हा सरुबाई ओसरीवर बसून झेंडूतली किडकी फुलं वेचून बाजूला टाकत होती. छाया नाशिक रोडच्या कॉलेजात मराठी शिकवायची. सगळी भावकी तिला पुस्तकातला किडा म्हणायची. आईशेजारी बसून फुलं निवडणं मात्र तिला अजून जमत नव्हतं.

"अगं, चांगलं फूल टाकलं की किडक्यात! पोरांचे पेपरबी असेच तपासतीस का?"

"आई, तू वाळलीस किती."

"अंगावरून जातंय जरा. उष्णता हाय. सब्जा घेतीय."

"या वयात? डॉक्टरला दाखवलंस?"

"दाखवलं ना. त्यानं इचारलं, आजी, पिशवी काढली का? म्हनलं, लय वर्सं झाली काढून. मग गोळ्या दिल्या त्यानं. पिशवीच नाय, तर काय व्हनार हाय मला? कुंभमेळ्याला झेंडूला भाव येईल, तोवर धड र्‍हायलं म्हंजी झालं."

पिशवी म्हणजे कोणती, हे मायलेकींत सांगावं लागत नव्हतं. गर्भाशय हा शब्द छायाने छापील पानांवर कितीदा तरी वाचला होता, पण तोंडाने उच्चारला नव्हता. या घरात त्याला कधी कुणी आतच घेतलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरुबाई न्हाणीत कोसळली. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाईंनी छायाला बाजूला घेतलं.

"गर्भाशयाचा कॅन्सर आहे. फार पसरलाय."

"पण ते तर काढलेलं आहे."

"कोण म्हणतं? जागेवर आहे ते."

सरुबाईने महिनाही काढला नाही.

शेवटची अंघोळ घालताना छायाने आईचा व्रण पहिल्यांदा नीट पाहिला. उजव्या बरगडीखाली, तिरपा. कॉलेजातल्या एका बाईंची पिशवी काढली होती, तेव्हा त्या कित्येक दिवस ओटीपोटावर हात धरून चालायच्या. इतक्या वर चिरून पिशवी कशी काढतील? छायाच्या हातातला तांब्या थांबला, तो शेजारणीने काढून घेतला.

मग तिला जुनं एकेक आठवू लागलं. ऑपरेशन ठरवलं वडिलांनी, आण्णांनी. डॉक्टर आण्णांच्या ओळखीचा. 'पिशवी काढली, आता कटकट मिटली,' असं मळ्यात, बाजारात सांगत फिरले तेही आण्णाच. छाया तेव्हा सासरी होती, बाळंतीण. आईबरोबर राहिली ती चुलती, चतुराबाई. डॉक्टर आणि आण्णा, दोघांपैकी कुणी तरी खोटं बोललं होतं. किंवा दोघंही.

दहावा झाला. गोदावरीवरून परतल्यावर छाया आण्णांना पाणी द्यायला निघाली, तर दाराआड त्यांचा दबका आवाज आला, "चतुरा, त्या टरेचं पोरीला सांगू नको."

छाया आत गेली. आण्णांनी उपरण्याने तोंड पुसलं. चतुराबाई उठलीच. "चुलीवर भात हाय माझा."

चुलीवर काही नव्हतं. छाया तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेली आणि दार लोटून घेतलं.

"काकू, कसला ट्रे?"

"कुटं काय?"

"माझ्या आईला कापून तुम्ही लोकांनी काय केलं?"

चतुराबाई गर्रकन वळली. "बया! आमच्यावर आळ घेतीस? अगं, तुझ्या बापाला चक्कर आली व्हती! डॉक्टरनं काढलेली पिशवी टरेत घालून दाखवाया आनली, अन् ह्यो गडी धाडकन भुईवर. नर्सा हसल्या. मला म्हनला, कुनाला सांगशील तर बघ. म्हनून मग मीच बघितली."

"काय बघितलंत?"

"पिशवी."

"कशी होती?"

"हिरवीजर्द. तोंडल्यावानी लांबट, जरा मोठी. डॉक्टरनं चिरून दावली, तर आत निस्ते खडे! मी म्हनलं, बाई गं, लेकरं वागवून वागवून पिशवीत खडे झाले की!"

छाया पिठाच्या डब्यावर बसली. पित्ताची पिशवी. डॉक्टर पिशवी म्हणाला आणि पिशवीच त्याने काढली.

"आणि आईची पाळी?"

"बंद झाली की त्याच साली. म्हनून तर खरं वाटलं सगळ्यांना." बोलता बोलता चतुराबाईचा चेहरा उतरला. "छाया, ती तीच नव्हती का गं?"

छायाने 'नव्हती' म्हणून मान हलवली.

ती ओसरीवर आली. आण्णांजवळ भावकीतले जयराम काका आणि आणखी दोघं-तिघं बसले होते. आण्णांचे डोळे लाल होते.

"मी त्या डॉक्टरला सोडनार नाय, जयराम. काढली म्हनून खोटं सांगितलं त्यानं. मला वाटलं, सुटली बिचारी."

"जाऊ द्या खंडेराव. बायकांचं काय तरी असतंय ते, आपल्याला काय कळनार?"

"आण्णा," छाया म्हणाली, "डॉक्टर खोटं बोलला नाही. तुम्हीही नाही. त्याने काढलं ते पित्ताशय होतं. खड्यांचं."

आण्णा तिच्याकडे वळले. "मंग... ती?"

"हळू बोल पोरी," जयराम काका घसा खाकरत म्हणाले, "मानसं बसल्यात."

"म्हणूनच इथे बोलतेय, काका. माझी आई गर्भाशयाच्या कॅन्सरने गेली. गर्भाशयाच्या."