तबिथाच्या खिडक्या

फिलाडेल्फियात त्या दिवशी दुपारपासून तोफा धडाडत होत्या. इंग्रजांच्या राजाला रामराम ठोकून आम्हाला एक वर्ष झालं होतं, आणि मरतंय की जगतंय अशा पोराचा पहिला वाढदिवस असावा तसं गावाला उधाण आलं होतं. अंधार पडला की प्रत्येक घरानं पुढच्या खिडकीत मेणबत्त्या लावायच्या आणि मग मैदानावर तेरा राज्यांचे तेरा अग्निबाण, असं ठरलं होतं. ज्याची खिडकी अंधारी तो राजाचा माणूस. त्याच्या काचेला दगड.

तबिथा यार्नल राजाची नव्हती, तशी कोणाचीच नव्हती. ती क्वेकर पंथाची. त्यांच्यात लढाई पाप, मग लढाईचा उत्सव तर विचारूच नका. नाताळसुद्धा पाळत नाहीत ही माणसं.

गेल्या साली तिचा एकुलता एनॉक सैन्यात गेला, आणि क्वेकरांच्या धर्मसभेनं भर बैठकीत नाव वाचून त्याला पंथाबाहेर काढलं. त्यांच्यात बाईलाही उभं राहून बोलायची मुभा आहे. तबिथा बोलली नाही. ती गप्प बसली तेव्हा एनॉक दारातच उभा होता. तेव्हापासून सभेतली माणसं तिच्याशी गोड बोलत, पण घरी कोणी फिरकत नसे. विधवेचं घर तिला इतकं खायला उठे की दूधवालीला ती उगाच दारात रेंगाळवत ठेवी.

आणि सोमवारी एनॉकची चिठ्ठी आली. 'चार जुलैला आमची तुकडी गावात आहे. मी यावं असं वाटत असेल तर पुढच्या खिडकीत एक मेणबत्ती ठेव. नसेल तर मी समजेन.' त्यानं 'जुलै' लिहिलं होतं. क्वेकर महिन्यांना नुसते आकडे देतात, परक्या देवांची आणि राजांची नावं घेत नाहीत. त्या एका शब्दावर तिचं बोट बराच वेळ अडून राहिलं.

संध्याकाळी शेजारची नेल, बेकरीवाल्याची बायको, कमरेवर हात ठेवून आली.

"यार्नलबाई, एक मेणबत्ती लावा की! काचा काय झाडाला लागतात?"

"तू भली आहेस, नेल. पण ती मेणबत्ती युद्धाची."

"मेणबत्तीला काय कळतंय युद्ध? कोणी विचारलं तर सांगा, शिवत बसलेय."

"मी शिवत नाहीये."

"मग बसा शिवायला! देवा रे, तुम्हा लोकांना खोटं बोलायला शिकवायची शाळाच काढायला हवी."

नेल गेली. तबिथानं तीनदा मेणबत्ती पुढच्या खिडकीपर्यंत नेली आणि तीनदा परत आणली. ती लावली तर सभा तिलाही काढणार, आणि सभेखेरीज तिचं होतं कोण? शेवटी तिनं ती मागच्या स्वयंपाकघरात लावली आणि मागच्या दाराचा अडसर काढला. एनॉक लहानपणी मागूनच यायचा, चिखलाच्या पायांनी. त्याला कळेल, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. दोन्ही डगरींवर हात ठेवणाऱ्याचं काय होतं, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही.

जमाव आला. "अंधार! राजाचं कुत्रं!" पहिली काच फुटली.

"थांबा!" एक आवाज म्हणाला. "या घरात मयत झालंय."

पहिल्याच शब्दाला तिनं आवाज ओळखला.

"कोण गेलं?"

"मुलगा. एकुलता होता. सैन्यात गेला होता."

"अरेरे. टोप्या काढा रे, टोप्या काढा."

पावलं हळूहळू पुढे सरकली. पुढचं दार तिच्यापासून दोन पावलांवर होतं. पण तिला वाटलं, काचा वाचवायला बोलला बिचारा, आता बोळातून मागे येईल. ती आत गेली, मक्याची भाकरी आणि हॅमचा तुकडा ताटलीत काढला, आणि मागच्या दाराकडे तोंड करून बसली.

मैदानावर अग्निबाण उडू लागले. पुढे त्या दिवशी अग्निबाण सोडायचेच असा रिवाज पडला, आमची पोरं अजून ते मोजतात. त्या पहिल्या साली एका क्वेकर बाईनंही मोजले, नुसत्या आवाजावर. तेरावा फुटेस्तोवर येईल, असं ती स्वतःला सांगत होती. तेरावा फुटला आणि सगळं गाव ओरडलं.

मग मागचं दार उघडलं. नेल होती, रडून लाल झालेली.

"बाई, मला सांगितलं का नाहीत? मी मेली चेष्टा करत बसले! कधी आली हो बातमी?"

"बोळात कोणी दिसलं का तुला?"

"कोण असणार? सैनिक तर केव्हाच धक्क्यावर गेले. नावा सुटल्यासुद्धा."

तबिथानं भाकरीची ताटली बाजूला सारली.

"मग आत्ताच आली, नेल," ती म्हणाली, आणि टेबलावर डोकं टेकून मोठ्यानं रडली.