मधला शिक्का

फकिरानं चालत्या सायकलीवरच बाटलीचं बूच दातांनी उपटलं आणि उरलेलं पाणी रस्त्यावर ओतून दिलं. मोखाड्याच्या पुढची दरी उतरून झाली होती आणि आता चढ समोर उभा होता. अर्धी बाटली पाणी सांडून सायकल अशी किती हलकी होणार? पण शर्यतीत माणसाची अक्कल पायांत उतरते. गंगापूर रोडच्या त्या कॉलेजवाल्यानं वजन कमी व्हावं म्हणून आपल्या परदेशी सायकलीच्या दांड्याला भोकं पाडून घेतली आहेत, असं सकाळी कुणीतरी सांगितलं होतं. फकिराची सायकल काळी, लोखंडी, दूधवाल्यांची असते तसली. तिला भोकं पाडायची म्हटलं तर आधी कर्ज काढून लोहार शोधावा लागला असता.

बाटली अ‍ॅल्युमिनियमची होती. त्याच्या बापानं, कारभारी पगारेनं, देवळाली कॅम्पच्या जुन्या बाजारातून ती शर्यतीसाठी मुद्दाम आणली होती आणि निघताना स्वतः भरून हँडलला बांधली होती.

"आपलं पानी आपल्यापाशी पायजे," एवढंच तो म्हणाला होता.

फकिराला बापाचं बोलणं आठवलं नाही असं नाही. आठवलं. पण वर, चढ संपतो तिथल्या गावात त्याचा दोस्त झुंबर होता, आणि झुंबर आहे म्हणजे पाणी आहे, असा त्यानं हिशेब केला.

एकोणऐंशी सालच्या जानेवारीतला तो रविवार. नाशिकहून पहाटे सुटायचं, त्र्यंबक, मोखाडा, जव्हार करत डहाणूला समुद्राच्या वाळूत उतरायचं. जवळजवळ दीडशे किलोमीटर. शर्यत भरवली होती शहरातल्या एका हौशी क्लबानं, आणि पैसा सातपूरच्या एका कारखानदार शेठचा. त्याच शेठच्या कारखान्यात फकिरा चार वर्षं बदली कामगार होता. कुणी गैरहजर राहिला तर काम, नाहीतर गेटवरून परत. आपल्या बदलीवाल्यांपैकी कुणी पहिला आला तर त्याला कायम करीन, असं शेठनं भोंग्यावरून सांगितलं होतं. कायम झालं की सातपूरला खोली, आणि सिन्नरहून रोज मोहदरीचा घाट चढून-उतरून कामावर येणं बंद. म्हणजे सायकल सुटावी म्हणून हा गडी सायकलीच्या शर्यतीत उतरला होता. रोज सत्तर किलोमीटर हाणून त्याच्या मांड्या लाकडाच्या झाल्या होत्या. जव्हारच्या अलीकडे त्याच्या मागे नजर पोचेल तिथवर कुणी नव्हतं.

मधल्या वाटेत कुणी ट्रकला लोंबकळू नये म्हणून क्लबानं तीन ठाणी ठेवली होती. प्रत्येक ठाण्यावर डाव्या हातावर जांभळा शिक्का मारून घ्यायचा, कोपरापासून मनगटाकडे, एकाखाली एक. त्र्यंबकचा झाला होता. दुसरं ठाणं हे चढावरचं. तिथलं काम झुंबरकडे होतं, कारण ठाणं ज्या किराणा दुकानापुढे होतं ते त्याच्या सख्ख्या मामाचं. झुंबर फकिराच्याच खात्यातला. दोघांचा डबा एक, आणि कारखान्यातल्या माठावरचा ग्लासही एकच.

"पहिला तूच रे," झुंबर म्हणाला आणि त्यानं शिक्का पहिल्याच्या खाली दाबून उठवला. "मागं कोन हाय?"

"कोनी नाय. पानी दे आधी."

झुंबरचा हात टेबलावरच्या ग्लासांकडे गेला. दहा-बारा काचेचे ग्लास धुऊन पालथे मांडले होते. तेवढ्यात मामा दुकानाची पायरी उतरून आला. फकिराच्या छातीवर क्लबानं कापड टाचलं होतं. त्यावर नंबर आणि खाली पूर्ण नाव, पेपरवाल्यांच्या सोयीसाठी. मामानं ते सावकाश वाचलं.

"पगारे. कुठले पगारे?"

"सिन्नरचे."

"सिन्नरात कुठं?"

"भीमवाडी."

मामा रागावला नाही, आवाजही चढवला नाही. त्यानं झुंबरच्या हातातला ग्लास काढून परत पालथा घातला, खालची कळशी उचलली आणि अगदी मायेनं म्हणाला, "हात धर बाबा. दमला आसशील."

फकिरानं झुंबरकडे पाहिलं. झुंबर शाईच्या गादीचं झाकण बसवत होता. ते नीट बसत नव्हतं बहुतेक. त्याची मान वर आलीच नाही.

कारभारीनं छप्पन साली धम्म घेतला, त्या दिवसापासून कुणाच्या दारात ओंजळ धरली नव्हती. फकिरा चालायला लागल्यापासून त्यानं एकच गोष्ट त्याच्या कानात ओतली होती: तहानेनं जीव चालला तर ओढ्याला तोंड लाव, पण वरून ओतलेलं पाणी पिऊ नको. एवढा शिकवलेला मुलगा. पण जीभ टाळूला चिकटली होती, जव्हार अजून लांब होतं, आणि वाद घालायला थांबावं तर मागचे येऊन भिडले असते. फकिरानं दोन्ही तळवे जोडले आणि वाकला. पाणी थंड होतं. ओंजळीतून ओघळून ते मनगटांवरून कोपरापर्यंत गेलं आणि तिथून ठिबकत राहिलं. तो पोटभर प्यायला. त्याला सगळ्यात जास्त राग याचाच आला, की पाणी गोड लागलं.

अर्धा मैल पुढे गेल्यावर त्याला आपल्या पांढऱ्या चड्डीवर जांभळे डाग दिसले. त्यानं हात उलटा करून पाहिला. त्र्यंबकचा शिक्का वाळून मुरला होता, पुसट का होईना वाचता येत होता. मधली जागा मात्र नुसती निळसर. परत फिरावं का? फिरला तर शर्यत गेली. झुंबर आहे की, त्यानं मनाशी म्हटलं. शिक्का गेला तरी मारणारा माणूस आहे.

जव्हारच्या माणसानं तिसरा शिक्का घाईघाईत मारला. मग उतार, मग कासा, मग खाऱ्या वासाचा वारा. सुरूच्या झाडांतून फकिरा वाळूत शिरला तेव्हा मांडवातले लोक अजून खुर्च्या मांडत होते. कॉलेजवाला सतरा मिनिटांनी आला.

क्लबाचे चिटणीस चष्मा पुसत पुढे झाले.

"हात बघू. दुसरा शिक्का?"

"मारला होता साहेब. पुसला."

"वरचा राहिला, खालचा राहिला, आणि मधलाच बरा पुसला?"

मांडवात कुणीतरी हसलं. चिटणिसांनी कॉलेजवाल्याला विचारलं, की चढावर हा तुला दिसला का. तो पोरगा प्रामाणिक होता. म्हणाला, "नाही सर, मला चढावर कुणीच दिसलं नाही." दिसेल कसा? फकिरा त्याच्या कितीतरी पुढे होता. पुढे असण्याचाही गुन्हा होतो, तो असा.

तासाभरानं क्लबाचा टेम्पो झुंबरला घेऊन आला. मामाही बरोबर होता. त्यानं पाण्याची सोय केली म्हणून शेठनं त्याला शेजारची खुर्ची दिली.

"झुंबर, याला शिक्का मारला होतास का?"

झुंबरनं फकिराकडे पाहिलं, मग मामाकडे पाहिलं. मामा उपरण्यानं मान पुसत होता.

"मारला आसंल साहेब. लय गर्दी होती. नक्की नाय सांगता येत."

गर्दी. पालथे घातलेले दहा-बारा ग्लास आणि एक कळशी, एवढीच काय ती गर्दी होती तिथे.  हातातोंडाशी आलेला घास असा आपल्याच डब्यातला माणूस काढून नेईल, हे फकिराच्या स्वप्नातही नव्हतं.

"ही शाई पाण्याशिवाय जात नाही," चिटणीस म्हणाले. माणूस वाईट नव्हता. त्याला खरंच समजून घ्यायचं होतं. "ठाण्यावर हात धुतलास का तू? पाणी कुठे लागलं?"

"पानी आम्ही सगळ्यांना पाजलं," मामा बसल्या जागेवरून म्हणाला. "काचेच्या ग्लासातनं."

आता फकिरानं एकच वाक्य बोलायचं होतं. बोलला असता तर मामाची खुर्ची तिथेच कलंडली असती. शेठ शहरातला माणूस, असल्या गोष्टी चारचौघांत त्याला खपल्या नसत्या. बाजूलाच पेपरवाला वही उघडून बसला होता, त्यानं ते लिहूनही घेतलं असतं. आणि उद्या सकाळी भीमवाडीच्या विहारात कुणीतरी ते मोठ्यानं वाचलं असतं: कारभारी पगारेच्या मुलानं ओंजळ धरली. समोर बसून कारभारीनं ते ऐकलं असतं.

"बोल ना," चिटणीस म्हणाले.

"घामानं गेली आसंल," फकिरा म्हणाला.

त्याला बाद केलं. कप कॉलेजवाल्याला मिळाला. त्याला नोकरी नको होती, त्यामुळे ती कुणालाच मिळाली नाही आणि शेठचं काहीच गेलं नाही. समुद्र फकिरानं आयुष्यात पहिल्यांदा पाहिला तो तेव्हा, सायकल टेम्पोवर चढवताना. ओहोटी होती. फार लांबवर नुसता चिखल दिसत होता.

परतीच्या वाटेवर झुंबर त्याच्या शेजारी येऊन बसला.  त्यानं टेम्पोतल्या पिंपातून ग्लासभर पाणी काढलं आणि पुढे केलं.

"घे."

"तहान नाय," फकिरा म्हणाला.

ती रात्र त्यानं कारखान्याच्या गेटवर काढली आणि सकाळी मोहदरीचा घाट चढून सिन्नर गाठलं. कारभारी दारात बसला होता. विहारात पेपर वाचून झाला होता, हे त्याच्या तोंडावरून कळत होतं.

"पेपरात आलंय," तो म्हणाला. "ट्रकमधी बसला म्हनून तुला काढला. खरं हाय?"

फकिरानं सायकल भिंतीला टेकवली. डाव्या हातावरचे दोन शिक्के अजून दिसत होते. बाही खाली ओढायला लागला, पण ती कोपरापर्यंतच पुरत होती.

"होय आबा."

कारभारी त्याच्याकडे पाहत राहिला. "रोज ह्यो घाट चढतोस. कधी ट्रकला हात लावला नाय. मंग तिथंच कशी बुद्धी फिरली? गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाय माझी."

 कारभारी उठला, हँडलची बाटली सोडली आणि कानापाशी हलवून पाहिली. रिकामी होती.

"पानी तरी पुरलं का? कुनाच्या दारात थांबला नाय ना?"

"नाय. पुरलं."

कारभारीच्या कपाळावरची आठी जराशी सैल झाली. त्यानं मुलाच्या पाठीवर हात ठेवला.

"मंग जाऊ दे," तो म्हणाला, आणि बाटली विसळायला मोरीकडे गेला.