तेलाच्या बाटलीवरच्या रेघा

वीज कंपनीच्या तक्रार खिडकीवर बसणाऱ्याला रोज लोकांची बोलणी खावी लागतात. बाबांनी ती वर्षानुवर्षं खाल्ली आणि पचवलीही. संध्याकाळी घरी आलं की बायको विचारायची, "आज कोणी झोडपलं?" आणि सांगता सांगता छातीवरचा दगड उतरायचा. ती गेली, तसं विचारणारंच कोणी उरलं नाही. भांड्याला भांडं लागायचं तरी घरात दोन भांडी हवीत.

मग रक्त तपासलं, तर कोलेस्टेरॉल चढलेलं. डॉक्टरीणबाईंनी खाण्यापिण्याचं सगळं विचारून घेतलं.

"तेलकट तर फारसं दिसत नाही," त्या म्हणाल्या. "ताणानंही वाढतं हे. मन सारखं धास्तावलेलं असलं की शरीरही धास्तावतं, रक्तात चरबी वाढते, आणि ओझं ओढतं बिचारं हृदय. गोळीचं पुढच्या तपासणीनंतर बघू. घरी बोलायला कोण आहे?"

"आहेत की सगळे," बाबा म्हणाले.

लेकीला फोनवर त्यांनी तिसरंच सांगितलं. एकटेपणा सांगावा, तर संसारात गळ्यापर्यंत बुडालेल्या पोरीच्या जिवाला घोर. त्यापेक्षा खादाड ठरलेलं बरं.

"तळलेलं जरा जास्तच होतंय म्हणे माझं."

लेक दर रविवारी येऊ लागली. कपाटं उघडून हुंगायची, तेलाच्या बाटलीवर पेनानं रेघ मारून जायची. पुढच्या खेपेला तेल जवळजवळ रेघेवरच.

"म्हणजे बाहेर हाणताय."

"कधीमधी," बाबा मान खाली घालून म्हणायचे.

मग ती तोंडाचा पट्टा सोडायची, भाजी उकडायची, समोर बसून जेवायला लावायची, आणि जेवता जेवता आठवडाभराचं विचारायची. तणतणणाऱ्या गिऱ्हाइकांच्या नकला करून बाबा तिला हसवायचे. शनिवारपासूनच बाबांचे कान दाराकडे लागायचे.

पुढच्या तपासणीला तीच सोबत आली. आकडा उतरला होता.

"छान. ताण कमी झालेला दिसतोय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "खाणं तर तुमचं आधीही ठीकच होतं."

लेकीनं बाबांकडे पाहिलं. बस थांब्यापर्यंत ती दोन पावलं पुढेच चालली, मग वळली.

"तळलेलं?"

"मला सोसतच नाही गं ते."

"आणि मी खुळ्यासारखी दोन बस बदलून बाटलीवर रेघा मारायला येत होते."

बाबांनी तपासणीच्या कागदाची आणखी एक घडी घातली.

"आई गेल्यावर जेवत काय होतात तुम्ही?"

"ब्रेड. ओट्याशी, उभ्यानंच."

"उभ्यानं का?"

"समोर कुणी नसलं की खुर्ची ओढवत नाही."

तिची बस आली. पोरांची शाळा सुटायची वेळ झाली होती, जाणं भाग होतं. पायरीवरून तिनं वळून पाहिलं, काही म्हणायला ओठ हलले, तेवढ्यात मागच्या बाईनं तिला आत रेटलं. "बसून जेवा," एवढंच ऐकू आलं.

रविवारी येते, असं ती म्हणाली नव्हती. आजवर भांडायला येत होती. आता भांडायलाही निमित्त उरलं नव्हतं. निमित्तावाचून येईल? विचारायचा धीर बाबांना झाला नसता.

घरी येऊन त्यांनी भाजी चिरली, उकडली, ताटात घेतली. सवयीनं ओट्याशीच उभे राहिले. मग खुर्ची ओढली. रिकाम्या घरात तिचा आवाज केवढा तरी मोठा झाला. पलीकडच्या खुर्चीकडे न बघता ते बसले, आणि परक्याच्या घरी जेवावं तसे, संकोचत, सावकाश जेवू लागले.