कावून फोन उचलत न्हाईस

श्रीशैलचा बँड पुण्यात इंडी रॉक वाजवायचा, त्यातही इमो नावाचा प्रकार. हे वीजकेंद्राची राख उडणाऱ्या परळीत, वैजनाथाच्या देवळाजवळच्या पूजासाहित्याच्या दुकानात बसून आईला समजावणं म्हणजे दिव्यच. त्यात चुलत बहिणीनं, ईश्वरीनं, आधीच घोळ घालून ठेवला होता. "काकू, श्रीदादाच्या गाण्यात तुमचा आवाज हाय," एवढं सांगून बया मोकळी झाली. शनिवारी तो घरी आल्याबरोबर आईनं, गंगासागरबाईंनी, त्याला गल्ल्याजवळ बसवून घेतलं.

"लाव माजं गानं."

"आधी दुसऱ्यांची ऐक, मग कळंल," तो म्हणाला. त्याला फक्त वेळ काढायचा होता. ते गाणं तिनं ऐकू नये, एवढंच त्याला हवं होतं.

पहिल्या गाण्यात गायक घसा फाटेस्तोवर किंचाळत होता. "ह्याला कुनी मारलं का?" बाईंनी विचारलं. दुसऱ्यात गिटारच्या तारा नाजूक छेडलेल्या आणि गाणारा नुसता पुटपुटणारा. "ह्यो तोंड दाबून रडतोय." तिसऱ्यावर पाय थिरकावेत अशी चाल, पण त्यांनी मान हलवली. "आन ह्यो हसून दाखवतोय, पर रडतोयच."

इमो म्हणजे शेवटी रडणंच, हे कळायला श्रीशैलला तीन वर्षं लागली होती. एरवी त्यानं आईचं कौतुक चारचौघांत सांगितलं असतं.

"आता माजं."

इमोवाल्यांची एक रीत असते. गाणं सुरू होण्याआधी कुणाचं तरी साधं बोलणं लावायचं. श्रीशैलनं आईचा व्हॉइस मेसेज लावला होता, तिला न विचारता. गाणं कार्यक्रमातच रेकॉर्ड झालेलं. आता पळवाट उरली नव्हती. त्यानं लावलं.

"बाळा, जेवलास का? तुजी गादी उनात टाकली हाय. राख लई उडालीय, पर तू येनार म्हनून टाकली. कावून फोन उचलत न्हाईस?"

'कावून'वर अख्खा हॉल खो खो हसला. पण हॉलच्या आधी, अगदी माइकजवळ, कुणीतरी एकटंच हसलं होतं.

बोटांची विभूती पुसता पुसता बाई थांबल्या. "पयलं तूच हसलास ना?"

त्याची कानशिलं तापली. होय, तोच हसला होता. आपण ह्या बोलीतले नाही, तुमच्यातलेच आहोत, हे हॉलमधल्या पोरांना कळावं म्हणून हसला होता. इतका हलकटपणा आपल्यात होता हे त्याला त्या रात्री जाणवलंही नव्हतं. आता मान वर होईना.

"काढून टाकतो मी ते," तो कसाबसा म्हणाला.

"काढू नको. गानं चांगलं हाय." त्यांच्या आवाजात राग नव्हता. "पर लोक हसत बसले तर तुजं गानं कोन ऐकनार? मी नीट बोलते. रेकॉर्डिंग चालू कर."

कापूर घ्यायला आलेल्या दोघींना त्यांनी हातानंच थांबवलं. फोटो काढायचा असावा तसा पदर सारखा केला.

"बाळा, तू जेवलास का? तुझी गादी उन्हात टाकली आहे. राख फार उडाली आहे, पण तू येणार म्हणून टाकली. काव..." त्या अडखळल्या. "का फोन उचलत नाहीस?"

मग फोनवर हात ठेवून त्यांनी हळूच विचारलं, "'का'च म्हनतेत ना तिकडं?"

श्रीशैलनं होकारार्थी मान हलवली, आणि त्या समाधानानं कापूर द्यायला वळल्या.