मुनिबाची टेकडी

मुनिबाच्या शाळेत फोटोग्राफी शिकवणाऱ्या बाई वेल्सच्या आहेत. त्यांनी एकदा वर्गात आपल्या गावामागच्या टेकडीचा फोटो दाखवला. ओली, हिरवी टेकडी, तिच्यावर दगडी बांध, खाली दरीत पन्नासेक घरं. लहानपणी बाई दर शनिवारी ती चढायच्या. मग त्यांनी मुलांना सांगितलं, प्रत्येकाने आपली टेकडी शोधायची, पायी चढायची आणि वरून दिसणाऱ्या गावाचा एकच फोटो सोमवारी आणायचा. तो भिंतीवर लागणार होता.

माझी मुलगी शहनाझ आणि जावई वासिफ दुबईच्या पुढे, उम्म अल कुवैनला राहतात. मी दापोलीकडच्या एका शाळेत चौतीस वर्षं भूगोल शिकवला आणि आता हिवाळ्यापुरता त्यांच्याकडे येतो. इथे समुद्र आहे, खाडी आहे, खारफुटी आहे, पण उंच म्हणावं असं पाण्याच्या टाकीपलीकडे काही नाही. त्यांची मुलगी मुनिबा अकरा वर्षांची आहे. दोन दिवस ती गप्पगप्पच होती. तिसऱ्या दिवशी मी वासिफला शनिवारी गाडी काढायला सांगितलं.

दीड तासावर, रास अल खैमाच्या डोंगरांत, एका वादीच्या, म्हणजे पावसापुरत्या वाहणाऱ्या कोरड्या नदीच्या काठी वीसेक घरांचं गाव सापडलं. मागे तपकिरी, उघडीबोडकी टेकडी. वासिफ फोन घेऊन गाडीतच थांबला. मी मुनिबाला एकच अट घातली, वर पोचेपर्यंत कॅमेरा पिशवीत.

"नाना, व्हॉट इफ आय मिस समथिंग?"

"मग ते नुसतं बघितलेलं राहील. चालतं तेही."

बकऱ्यांच्या पायवाटेने आम्ही हळूहळू चढलो. अर्ध्या वाटेवर जुनी, सोडून दिलेली शेतं होती, एकावर एक दगडी बांध घातलेली. मुनिबा थांबली. मग तिने खाली बोट दाखवलं आणि म्हणाली, "नाना, युअर लाइन्स." मी आयुष्यभर फळ्यावर समोच्च रेषा काढल्या आणि मुलांना सांगत आलो की एका रेषेवरून चालत गेलात तर चढही लागत नाही, उतारही लागत नाही. इथे कुणीतरी त्याच रेषा दगडांनी काढून ठेवल्या होत्या. आम्ही एका बांधावरून चालून बघितलं. खरंच, ना चढ, ना उतार.

वर पोचल्यावर तिने वीस मिनिटं नुसतं पाहिलं आणि मग फोटो काढला. फार सुंदर आला. खजुरीची झाडं, पांढऱ्या भिंती, आणि मधल्या एका अंगणात काळ्या अबायातली बाई, हात वर केलेली. त्या हातामुळेच फोटो जिवंत झाला होता.

"शी वेव्हड ॲट मी," मुनिबा खुशीत म्हणाली.

मी तो फोटो बराच वेळ पाहिला. त्या बाईने हात हलवला असेल, किंवा नको म्हटलं असेल. इथे लोकांना घरातल्या बायकांचे फोटो काढलेले चालत नाहीत. आमच्या गावीही माझ्या आईला चाललं नसतं. मी मुनिबाला एवढंच म्हटलं, की हे वरून कळत नाही, खाली जाऊन विचारावं लागेल.

खाली वासिफने फोटो बघितला आणि लगेच गाडीचं दार उघडलं. "अब्बा, मस्त आलाय. खलास. चेहरासुद्धा दिसत नाही, कोणाला कळणार?"

मुनिबाने एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा गावाकडे, आणि ती गावाकडे चालू लागली.

मला कुराण वाचता येतं, पण अरबी बोलता येत नाही. वाटेत मी एक वाक्य जुळवत होतो. मधल्या घराचं दार एका म्हातारीने उघडलं, सलाम झाला आणि मी माझं वाक्य विसरलो. म्हातारीने आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि सरळ हिंदीत विचारलं, "ऊपर से फोटो लिया?" तिचा नवरा पूर्वी लाँचने खजूर घेऊन मुंबईला जायचा. तिथून त्याने हिंदी आणली आणि ती हिला चिकटली. गावात तिला उम्म सालेम, म्हणजे सालेमची आई म्हणतात.

मुनिबाने कॅमेरा पुढे केला. म्हातारीने पडद्यावरचा फोटो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला.

"हम हाथ से बोला, नहीं."

"सॉरी," मुनिबा म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता.

उम्म सालेमने कॅमेरा परत दिला. "तुम मिटाओ."

मुनिबाने माझ्याकडे पाहिलं. मी पायातल्या चपलांकडे पाहिलं. थोड्या वेळाने कॅमेऱ्याचा टिक असा आवाज आला, फोटो खोडला गेला. दुसरा फोटो तिच्याकडे नव्हता.

मग गहवा, म्हणजे अरबी कॉफी आली, खजूर आले. वासिफलाही आत बोलावलं. बकऱ्यांची नावं सांगून झाली, शाळेतल्या फोटोचंही सांगून झालं. दोन तासांनी म्हातारीने विचारलं की आता मिसला काय देणार. मुनिबाने खांदे उडवले.

"फिर जाओ ऊपर. हम अंदर बैठेगा. घर का फोटो लो, घर अच्छा है."

चार वाजत आले होते. समोरच्या डोंगराची सावली गावावर सरकत होती. माझे गुडघे बांधापाशी संपले. तिथे मी दगडावर बसलो आणि मुनिबा नजरेच्या टप्प्यात वर गेली. उशीर होत होता तरी ती धावत नव्हती. एकेक पाऊल बघून टाकत होती.

खाली अंगणं रिकामी झाली होती. इतक्यात मधल्या अंगणाच्या भिंतीवर कुणीतरी आतून एक लाल सतरंजी टाकली आणि नीट पसरली. सावली त्या भिंतीपर्यंत पोचायच्या आत मुनिबाने फोटो काढला. वरून तिने दोन्ही हात हलवले. भिंतीआडून एकच हात वर आला आणि हलला. त्या वेळी कॅमेरा पिशवीत गेलेला होता. मी खात्री करून घेतली.

सोमवारी फोटो भिंतीवर लागला. मुलं विचारत होती की मध्ये ते लाल काय आहे, आणि मुनिबा प्रत्येकाला पहिल्यापासून सांगत होती, खोडलेल्या फोटोसकट.

संध्याकाळी तिने एक जादा प्रिंट पाकिटात घातली आणि वासिफला शनिवारी परत जायचंय म्हणून सांगितलं. एका प्रिंटसाठी दीड तास जायचं आणि दीड तास यायचं, असं तो कुरकुरला.

"मिस वेंट एव्हरी सॅटर्डे," मुनिबा म्हणाली आणि पाकिटावर पत्ता नाही म्हणून एक लाल चौकोन काढला.