डावा खांदा

"आप्पा, खांदा खाली घ्या," लेक पुन्हा म्हणाली. आप्पांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

गोदामात शिडीवरून पडून त्यांच्या मणक्याला तडा गेला होता. पाठीवर सपाट पडून राहायचं, कण्याला पीळ बसला तर पाय जातील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आप्पा पाठीवर पडत, पण डावा खांदा गादीपासून चार बोटं वर. झोपेतसुद्धा. नर्सने वाळूच्या पिशव्या लावल्या, त्या त्यांनी ढकलून दिल्या. आज सकाळी डाव्या पायाची बोटं गार पडून बधिर झाली, तरी गडी हटेना.

कारण लेकीला ठाऊक होतं आणि त्याचाच तिला संताप येत होता. कुस्तीत दोन्ही खांदे जमिनीला टेकले की माणूस चीत. एकच टेकला तर नाही. आप्पा उभ्या हयातीत चीत झाले नव्हते. पोती मोजण्यात जन्म गेला, बढती हुकली, बायको गेली. मिरवायला तेवढंच उरलं होतं.

शेवटी तिने खांबकाकांना बोलावलं. जागचे हलत नाहीत म्हणून तालमीत पडलेलं नाव. आप्पांशी त्यांची एकच कुस्ती झाली. ती बरोबरीत सुटली आणि तेव्हापासून दोघं एकमेकांशी धड बोलत नव्हते.

काका काठी टेकत आले. तिने सगळं सांगितलं. त्यांनी त्या उचललेल्या खांद्याकडे पाहिलं, काठी भिंतीला लावली आणि गुडघे धरत, कण्हत, खाटेशेजारच्या फरशीवर बसले. मग चक्क आडवे झाले.

"मी आधी टेकलोय," ते छताकडे बघत म्हणाले. "पोरगी साक्षीला आहे. लागला निकाल."

 मान न वळवता आप्पांनी विचारलं, "दोन्ही?"

लेकीने वाकून पाहिलं. "दोन्ही, आप्पा."

खांदा हळूहळू खाली आला. थोड्या वेळाने आप्पा घोरू लागले. लेकीने त्यांच्या पायाला हात लावला. बोटं अजून गारच होती. तिला रडू आवरेना.

तिने काकांना उठवायला हात पुढे केला.

"राहू दे. मध्येच जागा झाला तर बघेल."

फरशी गार होती. तिने आपली शाल घडी करून त्यांच्या डोक्याखाली सारायला घेतली. खांदे उचलले जातील, म्हणून त्यांनी ती घेतली नाही.